पलीकडली

बसा. फोन उपडा ठेवा, कागद-पेनही नको. आज काम एकच आहे. आपल्या गावाचं नाव एकदा तोंडानं म्हणायचं आणि मग गप्प राहून पाहायचं, की ते नाव घेतल्यावर आत काय काय हललं. माझं गाव मानवत. तुमचं तुम्ही घ्या. शहरातच वाढला असाल तर पेठेचं घ्या, गल्लीचं घ्या. चालतं.

घेतलंत? मला आधी वास येतो. मोंढ्यातल्या सरकीचा, पहिल्या पावसात भिजलेल्या माळवदाचा. मग आवाज, मग माणसं. नकाशा फार उशिरा येतो. शाळेत भिंतीवरच्या नकाशात मानवत नव्हतंच, मास्तरांनी परभणीच्या ठिपक्यापासून डावीकडे नखभर सरकून बोट टेकवलं आणि म्हणाले, "इथं कुठंतरी आपण." त्या 'कुठंतरी'मध्ये मी पुढची तीसेक वर्षं सुखानं राहिलो.

ते सुख मोडलं माझ्या चुलतभावाच्या मुलीनं. ती इंग्लंडात लेस्टरला असते. नोकरी सांभाळून घराण्याची वंशावळ एका प्रोग्रॅममध्ये भरते. ग्रॅम्प्स त्याचं नाव, फुकट मिळतो. दर रविवारी रात्री तिचा फोन येतो. "काका, पणजोबांचं जन्मस्थान काय लिहू?" तिला उत्तर एका ओळीत हवं असतं. मला ते द्यायला आठवडा लागतो. तुम्हाला ज्याला बसायला सांगतो आहे, ते मनन अशा आठवड्यांतूनच साठलेलं आहे.

आता गावाच्या नावापुढे हात आपोआप जे लिहितो, ते सावकाश म्हणा. मु. पो. मानवत, ता. पाथरी, जि. परभणी. एकेका अक्षरापाशी थांबा. 'मु.' म्हणजे मुक्काम. वाटसरू उतरतो तो मुक्काम. ज्या घरात चार पिढ्या जन्मल्या आणि मेल्या, त्यालाही आपण पोस्टकार्डावर मुक्कामच म्हणत आलो. कुणी ठरवून केलं नसेल, पण लिहिताना कुणाला खटकलंही नाही.

मग 'पो.', मग 'ता.', मग 'जि.'. लहानातून मोठ्याकडे. १९८४ साली अमेरिकेत युटामधल्या मॉर्मन चर्चनं घराण्याची माहिती एका संगणकातून दुसऱ्यात नेण्याची एक रीत बांधली, जेडकॉम नावाची. अजून जगभरचे वंशावळीचे प्रोग्रॅम तीच भाषा बोलतात. तिच्यातही ठिकाण असंच लिहायचं असतं: आधी गाव, मग त्याला पोटात घेणारं मोठं, मग त्याहून मोठं, मध्ये स्वल्पविराम. म्हणजे आमच्या आजोबांनी पंधरा पैशांच्या कार्डावर जी शिस्त पाळली, तीच ही पोरगी लेस्टरमध्ये पाळते आहे. फक्त तिच्या पडद्यावर तालुक्याला चटकन जागा सापडेना. इंग्लंडात गावाच्या वर काउंटी. ती विचारते, "काका, आपली काउंटी म्हणजे तालुका का जिल्हा?" मी म्हटलं, दोन्ही नाही, आणि दोन्ही लिही.

उलट्या दिशेची रीतही आपल्याकडे आहे. पूजेला बसल्यावर गुरुजी संकल्प सोडायला लावतात तेव्हा जंबुद्वीपापासून सुरुवात होते, मग भरतखंड, मग दंडकारण्य, आणि शेवटी गोदावरीचा कुठला तीर. मानवतचा उत्तर तीर. जिल्हा नाही, तालुका नाही, राज्य नाही. डावा हात उजव्या हाताखाली, पळीभर पाणी, आणि माणसाचा पत्ता एका नदीवरून. लहानपणी मला ते सगळं नुसतं लांबण वाटायचं. आता वाटतं, ज्यानं हे रचलं त्याला सरकारं बदलतात हे नीट माहीत असावं.

थोडं पाणी प्या. आता काळ आणू.

एक खोली डोळ्यांपुढे आणा. आमच्या वाड्यातली बाळंतिणीची खोली: माळवदाखालची, एकच झरोका, भिंती इतक्या जाड की कोनाड्यात अख्खी घागर मावावी. या खोलीत माझे वडील १९५३ साली जन्मले. त्यांच्यानंतर १९५८ साली आत्या. त्यानंतर १९६२ साली धाकटे काका. तीच खोली, तीच सुईण. आता ठिकाण लिहा. वडील: मानवत, हैदराबाद राज्य. कारण १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली तरी हैदराबाद हे राज्य म्हणून उरलंच होतं. आत्या: मानवत, मुंबई राज्य. कारण १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबईत गेला. धाकटे काका: मानवत, महाराष्ट्र. तीन लेकरं, तीन राज्यं, आणि आजीनं बाजसुद्धा हलवली नव्हती.

हा घोळ फक्त आपलाच आहे असं समजू नका. पुतणीच्या शेजारची रटलंड ही इंग्लंडातली चिमुकली काउंटी १ एप्रिल १९७४ ला पुसली गेली आणि तिची गावं लेस्टरशरमध्ये धरली गेली. १९९७ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. बोर्नमथ हे शहर ३१ मार्च १९७४ पर्यंत हॅम्पशरमध्ये होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी डॉर्सेटमध्ये उठलं. तिथल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्यांनी यावर तोडगा म्हणून जुन्या काउंट्यांना तीन-तीन अक्षरांच्या खुणा ठरवल्या, चॅपमन कोड म्हणतात त्यांना. काही जण आजचं नाव लिहितात, काही त्या काळचं, आणि दोघांनाही वाटतं समोरचा चुकतो आहे.

मी त्या काळच्या बाजूचा आहे. माझी आजी परतूरची. थोरले काका तिथंच जन्मले, १९५० साली. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे. पण जालना जिल्हाच १ मे १९८१ चा. त्याआधी परतूर परभणीत होतं. आजी परतूरहून मानवतला आली तेव्हा ती जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच आली होती. तिच्या ठिकाणापुढे 'जालना' लिहिलं तर तिनं न ओलांडलेली हद्द आपण तिला ओलांडायला लावतो. मानवतही तेव्हा पाथरी तालुक्यात होतं, स्वतःचा तालुका फार नंतर मिळाला. ग्रॅम्प्समध्ये याची सोय चांगली आहे. एकाच गावाला तारखांसकट अनेक नावं देता येतात आणि 'अमुक तारखेपर्यंत अमक्याच्या पोटात' असं नोंदवता येतं. मग जन्माच्या तारखेप्रमाणे तो प्रोग्रॅम स्वतःच योग्य साखळी दाखवतो. हे कळलं त्या रविवारी मला खरोखर बरं वाटलं. गाव जागचं हलत नाही, त्याच्या वरची छपरं बदलतात, एवढं एका यंत्राला तरी समजतं.

तारीख मात्र कोणती, हाही प्रश्नच. आजोबांच्या जन्माचा म्हणून जो कागद पेटीत सापडला, त्यावर १३४० फसली आहे. निजामाच्या काळचा हिशेब तो. साधारण ५९० मिळवायचे, म्हणजे १९३०-३१. कागदाची एक बाजू उर्दूत, दुसरी मोडीत. दोन्ही मला वाचता येत नाहीत. माझ्या आजोबांचा कागद, माझ्या हातात, आणि मी त्याच्यापुढे निरक्षर. या वाक्यापाशी मी बरेच दिवस बसलो. तुमच्या घरी असा कागद असेल तर तुम्हीही बसा, लगेच वाचणारा शोधायला धावू नका.

वाचणारे आता मिळतात म्हणा. २०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि निजामकाळच्या दप्तरांवरची धूळ झटकली गेली. 'वंशावळ' हा शब्द, जो एरवी लग्नात किंवा वाटणीच्या भांडणात निघायचा, तो तहसीलच्या रांगेत आला. त्या सगळ्याच्या राजकारणात मला पडायचं नाही. पण टपरीवर चहा पिता पिता दोन म्हातारे आपापल्या खापरपणजोबांची गावं आठवताहेत, एकमेकांना दुरुस्त करताहेत, हे मी पाहिलं आहे. तसं दृश्य आधी कधी पाहिलं नव्हतं.

नावांच्या सारखेपणाकडे फार वेळ नको. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव किती आहेत ते मोजायला एक जन्म पुरायचा नाही. आपण त्यावर बुद्रुक आणि खुर्द असा उपाय काढला, म्हणजे फारसीतलं मोठं आणि लहान. पुण्याजवळचं आंबेगाव तसं दोन्ही आहे. पुतणी म्हणाली, लेस्टरच्या दक्षिणेला विगस्टन मॅग्ना आणि ग्लेन पार्व्हा आहेत. तिथं लॅटिन. मोठं-लहान सांगायला दोघांनीही राज्यकर्त्यांची किंवा विद्वानांची परकी भाषा वापरली, गंमत आहे. इंग्रजीत मानवत लिहितानाही तीच गत: कुणी मध्ये डब्ल्यू घालतं, कुणी व्ही, कुणी टीवर थांबतं, कुणी पुढे एच जोडतं. आणि प्रोग्रॅम पहिली चार अक्षरं टाकताच सुचवतो 'मानवत रोड'. ते रेल्वे स्टेशन. स्टेशनाच्या नावात 'रोड' असेल तर समजायचं की गाव इथं नाही, इथून पुढे रस्त्यानं जा. आमच्या घराण्यातली सतरा माणसं तिनं सुरुवातीला स्टेशनावर जन्माला घातली होती.

अजून एक गोष्ट सांगतो आणि पुढे जातो. तिनं लेस्टरमध्ये कुणाला गावाचं नाव सांगितलं तर समोरचा फोनवर शोधतो, आणि त्याला १९७२ ते १९७४ मधलं खूनसत्र दिसतं, त्यावर २०२४ मध्ये आलेली मालिका दिसते. ज्यांच्या लेकी त्यात गेल्या त्यांच्यासाठी तो इतिहास आहेच, तो पुसायचा प्रश्न नाही. पण एक अख्खं गाव, त्याचा मोंढा, त्याच्या जत्रा, त्याची बाळंतपणं, आणि नावाशी बाहेरच्या जगानं बांधलेली गाठ ती एवढीच. तुमच्या गावाच्या नावाला बाहेर काय चिकटलं आहे? तेही एकदा पाहून घ्या. मग बाजूला ठेवा.

आता डोळे मिटा, आणि आकड्यांना घाबरू नका. मानवत म्हणजे १९.३ उत्तर, ७६.५ पूर्व. दशांशानंतर एकच आकडा. अंशाचा दहावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे अकरा किलोमीटर, तेव्हा एवढ्या माहितीवर ठोकलेली खूण चार-पाच किलोमीटर कुठंही सरकू शकते. कुणाच्या तरी कापसात पडेल. तिथं उभे राहा क्षणभर. चारही बाजूंना शिवार, लांबवर एक आखाडा, कुत्रं भुंकतंय. दुसरा आकडा घ्या: आता चूक किलोमीटरच्या आत. जिनिंगची चिमणी दिसू लागली, भोंगा ऐकू येईल. तिसरा आकडा: शंभरेक मीटर. ही आपली गल्ली, हा कोपऱ्यावरचा पार. चौथा: दहाएक मीटर. वाड्याचं दार. पाचवा: एक मीटर. उंबरा.

थांबा इथं. आत जाऊ नका. सहावा आकडा पडद्यावर लिहिता येतो, पण त्याला घरात अर्थ नाही. तेवढ्यात माणूस कूस बदलतो.

आणि हे पूर्व म्हणजे कुठून पूर्व? लंडनमधल्या ग्रीनिचहून. १८८४ साली वॉशिंग्टनमध्ये देशोदेशीचे लोक जमले आणि तिथं शून्य धरायचं ठरलं. आपल्या ज्योतिषांचा शून्य उज्जैनवरून जात असे. उज्जैन ७५.८ च्या आसपास आहे, म्हणजे त्या हिशेबानं मानवत जगाच्या मध्यरेषेपासून जेमतेम पाऊण अंश बाजूला. मी हे पुतणीला अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, "मग मी आता उज्जैनच्या शहात्तर-सत्याहत्तर अंश पश्चिमेला राहते." हिशेब बरोबर होता, माझा अभिमानच जरा उगाच होता.

आता ज्या चौकटी त्या प्रोग्रॅममध्ये असतात त्या आठवा. जन्म कुठं, लग्न कुठं, वास्तव्य कुठं, मृत्यू कुठं. यातली 'गाव' कुठली? मुंबईत जन्मलेला, मुंबईतच मेलेला माणूसही "आमचं गाव मानवत" म्हणतो, त्यानं इथं महिनाभर सलग काढलेला नसतो. मानवतकर, पाथरीकर, सेलूकर ही आडनावं तर गाव सुटल्यावरच चिकटतात. मानवतमध्ये राहणाऱ्याला मानवतकर कोण म्हणेल? तीर्थाच्या ठिकाणी उपाध्ये पहिल्यांदा नाव विचारत नाहीत, गाव आणि आडनाव विचारतात, आणि त्यावरून वही काढतात. युटाच्या त्याच मंडळींच्या वंशावळ संस्थेनं हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही मायक्रोफिल्म करून ठेवली आहे; म्हणजे त्यांनाही ही किल्ली माहीत असणार. पण 'गाव' अशी चौकट प्रोग्रॅममध्ये नाही. आम्ही शेवटी ते टिपणात घातलं.

मार्च महिन्यातल्या एका रविवारी तिनं नकाशा उघडला आणि पडदा मला दाखवला. चार पिढ्यांच्या जन्मांची टिंबं. मला वाटलं होतं, मानवतवर गठ्ठा दिसेल. गठ्ठा होता, पण ज्यांची नावं आपण कौतुकानं घेतो ते थोरले त्यात नव्हतेच. थोरले काका परतूर. मी सेलू. ती स्वतः गंगाखेड. पहिलं बाळंतपण माहेरी. हे आपल्याला इतकं ठाऊक असतं की ते कुणी सांगत नाही. वंशावळीच्या कागदावर बापाखाली मुलगा, मुलाखाली मुलगा अशी सरळ उतरण असते, बायका कंसातसुद्धा नसतात. आणि इथं नकाशावर प्रत्येक पिढीचं पहिलं टिंब जाऊन बसलं होतं आईच्या गावात.

हळू घ्या हे. आपल्या घरातल्या थोरल्या माणसाचा जन्म कुठं झाला, आठवा. ते गाव कुणाचं, आठवा. त्या गावाला तुम्ही शेवटचे कधी गेलात?

लग्नात मुलीचं नाव बदलायचे. मग सासरी तिला ना जुन्या नावानं हाक, ना धड नव्या. गल्लीतल्या बायका तिला गावावरून ओळखायच्या. माझी आजी जन्मभर 'परतूरवाली' होती. तिच्या जावा कोण कोण, तर अमक्या गावची, तमक्या गावची. घरातल्या पुरुषांना ज्या नकाशाची गरज पडली नाही, तो या बायका हाकेहाकेत घेऊन फिरत होत्या.

राहता राहिली पणजी. म्हणजे आजोबांची आई, १३४० फसलीतली ती बाळंतीण. आजोबा थोरले, म्हणजे तेही तिच्या माहेरीच जन्मले असणार. ते गाव कुणालाही माहीत नाही. तिचं माहेरचं नावही नाही. पुतणीनं ती जागा कोरी ठेवली. मग एकदा सगळी यादी तिनं दुसऱ्या एका नकाशावर चढवली, तर तिथं कोऱ्या जागेचं शून्य धरलं गेलं. शून्य उत्तर, शून्य पूर्व. आफ्रिकेच्या पश्चिमेला, घानाच्या खाली, भर समुद्रात पणजीचं माहेर उगवलं. जगभरातले विसरलेले पत्ते असेच तिथं जाऊन पडतात म्हणे. आपला जुना हिशेब असता तर तो शून्य बिंदू लंकेत आला असता; ज्योतिषांची लंका उज्जैनच्या रेषेवर, विषुववृत्तावर. पणजी तरी बरी पडली असती, निदान ओळखीच्या गोष्टीतल्या ठिकाणी.

त्यानंतर मी आत्याला फोन केला. आत्या आता ऐकायला कमी येतं म्हणून ओरडून बोलते. म्हटलं, तुझ्या आजीला बायका काय म्हणायच्या? गप्प झाली. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "पलीकडली."

"कशाच्या पलीकडली?"

"ते नाही माहीत बाबा. पलीकडली म्हणायच्या सगळ्या. गंगेच्या पलीकडली असंल."

असेल. गोदेला आम्ही गंगाच म्हणतो. गंगेच्या पलीकडे म्हणजे दक्षिण तीर. संकल्पात जो तीर आम्ही कधीच उच्चारत नाही तो. किंवा गंगेचा संबंधच नसेल, दुधना नदीच्या पलीकडची असेल, नाहीतर बोळाच्या पलीकडल्या वाड्यातली. मी दोन दिवस त्या एका शब्दाशी बसलो होतो. तुम्हीही बसून पाहा. अलीकडे कुणीतरी उभं असल्याशिवाय पलीकडली म्हणता येत नाही. तिला तशी हाक मारणाऱ्या सगळ्या बायका कुठल्या तरी दुसऱ्या गावाहूनच आलेल्या होत्या.

रविवारी मी पुतणीला सांगितलं, जन्मस्थान लिही: पलीकडे. अक्षांश-रेखांश देऊ नको. तिनं वाद घातला नाही. टाइप केल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच आवाज आला नाही.

"काका, हे विचारतंय, पलीकडे हे कशाच्या पोटात?"